परीक्षकांच्या खोपट्यामागे

सभागृहाच्या दाराशी पितळेची एक चकचकीत पाटी लावली होती. 'इथे प्रत्येकाचं स्वागत आहे' असं तिच्यावर कोरलेलं, आणि खाली चाकांच्या खुर्चीचं चित्र. थेल्मा बॅरक्लफने पाटी वाचली आणि नाक मुरडलं.

"असं लिहून लावावं लागलं यातच काय ते समज," ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्या घरावर आहे का अशी पाटी?"

"आपल्याकडे येतंय कोण," क्लिफर्ड म्हणाला. थेल्माची चाकांची खुर्ची आत ढकलताना दाराला हलकासा धक्का लागला, तेव्हा तो दाराला "सॉरी" म्हणाला.

क्लिफर्डचं हे नेहमीचंच. खांबाला सॉरी, कुत्र्याला सॉरी, ज्याने त्याच्या पायावर पाय दिला त्यालाही सॉरी. थेल्माला त्याची चीड यायची, आणि त्याच्यावाचून तिचं पानही हलत नसे. या दोन गोष्टी तिने कधी एकमेकींच्या आड येऊ दिल्या नव्हत्या.

यॉर्कशरमधल्या पितळी वाद्यांच्या बँडांची वार्षिक स्पर्धा होती. जुन्या गिरण्यांच्या खोऱ्यांमधून गावोगावचे बँड आले होते, आणि त्यांत ओल्डरॉइडचाही होता. थेल्माने त्या बँडमध्ये अर्धं आयुष्य हॉर्न वाजवला. आजाराने तिचे पाय गेले तेव्हा ती म्हणाली, वाजवायचं तर बसूनच असतं, पाय हवेत कुणाला. पण बँडची सरावाची खोली दारूच्या गुत्त्यावर, वरच्या मजल्यावर. जिना असा उभा की धडधाकट माणसानेही वर जाऊन आधी दम खावा. बँडमधले पुरुष काही दिवस तिला खुर्चीसकट उचलून वर नेत होते. मग एकेकाची कंबर दुखायला लागली. कुणी तोंडाने काही बोललं नाही, पण उचलायची वेळ झाली की सगळ्यांना नेमकं तेव्हाच बाहेर जाऊन सिगरेट ओढायची असे. थेल्माने हॉर्न पेटीत ठेवला आणि त्या सगळ्यांना मनातून उतरवून टाकलं.

आता तोच बँड तिची मुलगी ज्युडिथ चालवत होती. म्हणजे वाजवत नव्हती. समोर उभी राहून, हातात बारीक छडी धरून सगळ्यांकडून वाजवून घेत होती. ओल्डरॉइडच्या बँडसमोर बाई उभी राहिल्याची ही पहिलीच वेळ, आणि ज्युडिथचीही स्पर्धेतली पहिलीच वेळ.

बँड कुठूनही ऐकता येतो. डोळे मिटून ऐका, भिंतीपलीकडून ऐका, बिघडत काही नाही. पण छडीला आवाज नसतो. जो बँड चालवतो तो बघावाच लागतो. आणि सरावाची खोली वरच्या मजल्यावर असल्यामुळे थेल्माने आपल्या मुलीला बँड चालवताना आजवर एकदाही पाहिलं नव्हतं. त्यासाठी ती आली होती. बाकीचे बँड तिच्या दृष्टीने आपापल्या गावात राहिले असते तरी चालण्यासारखे होते.

आत शिरताच एक तरुण बाई लगबगीने समोर आली. गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव फिलिपा. अशा खुर्चीतल्या प्रेक्षकांची व्यवस्था बघायला सभागृहाने तिला नेमलं होतं. ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली, कुत्र्याच्या पिल्लाशी बोलायला वाकतात तशी.

"या, या. आज आपण कशा आहोत?"

"मी बरी आहे," थेल्मा म्हणाली. "तुझी पाठ दुखतेय का?"

"नाही, का हो?"

"वाकली आहेस म्हणून विचारलं."

फिलिपा हसली, सरळ झाली आणि त्यानंतर जे काही बोलायचं ते क्लिफर्डशी बोलू लागली. आत फार गारवा नाही ना लागणार यांना? मोठा आवाज सोसतो ना यांना? क्लिफर्ड प्रत्येक प्रश्नाला आधी थेल्माकडे बघायचा आणि मग सॉरी म्हणायचा.

सभागृहाच्या मध्यावर, बसायच्या दोन भागांमध्ये एक आडवा सपाट पट्टा होता. तिथे खुर्च्या ठोकलेल्या नव्हत्या. जमिनीवर पिवळ्या रंगात चाकांच्या खुर्चीचं चित्र काढलं होतं. तिकिटावर हीच जागा होती. पण त्या चित्रावर आता एक खोपटं उभं होतं. लाकडी सांगाडा, चारही बाजूंनी आणि वरूनही काळं जाड कापड.

थेल्मा ते काय आहे हे ओळखून होती. बँडांच्या स्पर्धेत परीक्षक असे कोंडूनच बसवतात. कोणता बँड वाजवतोय हे त्यांना दिसता कामा नये. कोण ओळखीचा, कोण मेहुण्याचा, कोण मागच्या वर्षी दारू पाजलेला, असला काही घोळ नको. फक्त कानाने ऐकायचं आणि गुण द्यायचे. बँडांची नावंही घेत नाहीत, नुसता क्रमांक पुकारतात. आतल्यांनी शिट्टी फुंकली की बँडने सुरुवात करायची. परीक्षक सकाळी आत शिरतात ते स्पर्धा संपल्यावरच बाहेर येतात. त्यांना चहा-बिस्किटं कापडाखालून पोचवतात. ही पद्धत थेल्माला मान्य होती. माणसांच्या डोळ्यांवर तिचा कधीच विश्वास नव्हता.

"पण इथे?" ती म्हणाली.

खोपट्याजवळ एक म्हातारा गृहस्थ पहाऱ्यावर उभा होता. कोटावर बिल्ल्यांची रांग. याचं नाव एन्डरबी. स्पर्धेचे नियम हा सांभाळायचा. तरुणपणी ट्रॉम्बोन वाजवायचा, आणि थेल्माच्या मते वाईट वाजवायचा.

"हळू बोला, बाई," तो म्हणाला. "परीक्षक आत बसलेत."

"माझ्या जागेवर बसलेत."

"आवाज इथे सगळ्यात चांगला येतो. आणि बाकीकडे खुर्च्या जमिनीत पक्क्या केलेल्या. मोकळी अशी जागा एवढीच होती."

"मोकळी नव्हती ती. खाली चित्र काढलंय, दिसलं नाही?"

"आम्हाला वाटलं, चित्रच आहे," एन्डरबी प्रामाणिकपणे म्हणाला.

फिलिपा मध्ये पडली. "आम्ही खोपट्याच्या मागे छान जागा केलीय. तिथून सगळं अगदी स्पष्ट ऐकू येईल." मग क्लिफर्डकडे वळून, "ऐकू येईल ना त्यांना?"

"आणि दिसेल काय?" थेल्माने विचारलं.

फिलिपाने खोपट्याकडे बघितलं. थेल्माने आवाज चढवायला तोंड उघडलं, तसा एन्डरबीने हात वर केला.

"बाई, तुम्ही ओल्डरॉ..." तो स्वतःच थबकला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. पुढचं तो अगदी कुजबुजत बोलला. "तुम्ही कुठल्या ते मला माहीत आहे. पण इथे तोंडातून एक शब्द गेला, आणि आत ऐकू आलं की कोण कुणाचं, की तुमचा बँड बाद. नियम आहे. मला करावंच लागेल."

आयुष्यभर थेल्माच्या तोंडाला लागायची कुणाची छाती झाली नव्हती, आणि आज हा रद्दड ट्रॉम्बोनवाला तिच्या तोंडाला कुलूप लावून मोकळा झाला होता. जीभ सोडली तर मुलीची स्पर्धा बुडणार. तिने दात आवळले.

क्लिफर्डने खुर्ची खोपट्यामागे नेली. थेल्माच्या नाकासमोर, हात लांबवला तर लागेल इतक्यावर काळं कापड. कापडाच्या शिवणीला एक चिठ्ठी लटकत होती: गार पाण्यात धुवावे. पुढचे दोन तास तिला एवढंच वाचायला होतं.

एकेक बँड येत गेला. स्पर्धेत सगळ्यांनी एकच रचना वाजवायची असते, त्यामुळे तीच ती धून पुन्हा पुन्हा. पहिला बँड घाबरट होता. दुसरा फुशारक्या मारणारा. तिसऱ्याचा ट्यूबावाला जेवून आला असावा. मधल्या शांततेत आतून बिस्किट चावल्याचा आवाज यायचा, कुणीतरी खाकरायचं. थेल्माला वाटलं, यांना हा बँड दिसत नाही, मलाही दिसत नाही. यांना निदान बिस्किटं आहेत.

क्लिफर्ड चवड्यांवर उभा राहून खोपट्यावरून पुढे बघत होता आणि तिच्या कानाशी वाकून सांगत होता.

"आता त्याने हात वर केला."

"कुठला?"

"एक."

"आणि दुसरा काय करतोय?"

"दुसरा आहे जागेवर."

"तू बस खाली, क्लिफर्ड."

"ज्युडिथच्या वेळी मी नीट लक्ष देऊन सांगेन."

"तू मला ज्युडिथ सांगणार?" थेल्मा तशीच कुजबुजली, आणि कापडावरची चिठ्ठी पुन्हा वाचली.

तेव्हाच तिचं लक्ष डावीकडच्या भिंतीकडे गेलं. भिंतीला लागून एक लाकडी उतार होता, इथून थेट मंचाच्या पायथ्यापर्यंत. दर बँडच्या आधी दोघं-चौघं आपले मोठे ढोल गाड्यावर चढवून त्यावरून खाली नेत होते. उतार रुंद होता, सरळ होता. खाली पोचलं की मंच बाजूने दिसला असता, म्हणजे बँड चालवणाऱ्याची नुसती पाठ नाही, तोंड आणि हातही.

तिने बोटाने फिलिपाला बोलावलं.

"मला त्या उतारावरून खाली जायचंय."

"तो उतार ढोलांसाठी आहे," फिलिपा कुजबुजली. "माणसांसाठी त्याला मंजुरी नाही."

"ढोलांना आहे?"

"ढोल सामान आहे ना."

"मग मला सामान समज."

"असं नका हो म्हणू. आम्हाला तुमच्याबद्दल फार आदर आहे."

"आदर मला मागे बसून दिसत नाही. ढोल किती वजनाचा असतो माहीत आहे? मी त्याहून हलकी आहे."

"काही झालं तर जबाबदारी माझी," फिलिपा म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते, आणि ते बघून थेल्माला आणखीच वैताग आला. रडायचं काम माझं, तेही हिने घेतलं. "आणि तुम्ही गेलात तर मला थांबवावं लागेल. मी खालच्या माणसालाही सांगून ठेवते. प्लीज."

ती खरोखरच गेली आणि खाली मंचाजवळ उभ्या असलेल्या माणसाला सांगून आली. त्याने वर बघून मान हलवली. मग ती परत येऊन उताराच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभी राहिली.

पुढचा क्रमांक पुकारला गेला. क्लिफर्डने वाकून काही सांगायच्या आधीच थेल्माला कळलं की हे आपले. गॅव्हिन नावाचा त्यांचा ढोलवाला कधीच पाय उचलून चालला नव्हता, त्याची फरफटती पावलं मंचावर ऐकू आली. खुर्च्या सरकल्या. कागद सळसळले. पुढे टाळ्या पडल्या, म्हणजे ज्युडिथ आली. थेल्माच्या समोर गार पाण्यात धुवायचं कापड.

टाळ्या थांबल्या. आणि खोपट्यातून शिट्टी वाजली.

त्याबरोबर सगळं सभागृह चिडीचूप झालं. ही शांतता बँडवाल्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. शिट्टीनंतर खोकला आला तर माणूस रुमाल तोंडात कोंबतो. लहान पोरांनाही ठाऊक असतं. आणि त्या शांततेत थेल्माच्या ध्यानात आलं की तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं होतं ते आता सगळ्यांच्याच तोंडाला लागलं आहे.

तिने ब्रेक काढला आणि चाकं फिरवली.

फिलिपाने तिला येताना पाहिलं. तिने घडी सोडून दोन्ही हात पुढे केले आणि तोंड उघडलं. तेवढ्यात एन्डरबी दोन ढांगांत तिच्याजवळ आला. त्याने आपलं बोट आपल्या ओठांवर ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. त्याच्या चेहऱ्यावर थेल्माविषयी कणव वगैरे काही नव्हती. समोर कुणाचं घर पेटलं असतं तरी त्याने शिट्टीनंतर कुणाला बोंब मारू दिली नसती. थेल्माला त्या क्षणी हा माणूस प्रथमच जरा कामाचा वाटला.

चाकं उतारावर आली आणि खुर्चीने वेग घेतला. थेल्माच्या बोटांत ती आवरण्याइतकी ताकद राहिली नव्हती. ती खाली निघाली, आणि तिला दिसलं की खाली आधीच्या बँडचे ढोल उभे आहेत, आणि आपण त्यांवर आदळलो तर परीक्षकांना जन्मभर पुरेल एवढं ऐकू येईल. ज्युडिथची पहिली स्पर्धा, आणि सुरुवात आईच्या धडाक्याने.

मग खुर्ची मागून धरली गेली. तिने मान वळवली. क्लिफर्ड होता. बूट काढून आला होता, कारण त्याचे बूट करकरायचे. नुसत्या मोज्यांवर, मागे रेलून, दोन्ही हातांनी खुर्चीच्या मुठी धरून तो एकेक पाऊल टाकत होता. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. खालच्या माणसाने पुढे होऊन हात आडवा केला. क्लिफर्ड त्याला सॉरी म्हणाला नाही. म्हणताही आलं नसतं म्हणा. त्याने नुसतं त्या माणसाकडे बघितलं, आणि तो माणूस बाजूला झाला.

मंच आता समोर होता. ओल्डरॉइडचे सगळेजण वाद्यं तोंडाला लावून तयार. आणि ज्युडिथ, काळा कोट घातलेली, केस घट्ट बांधलेली, दोन्ही हात वर धरून थांबलेली. छडी हवेत. सुरुवात करत नव्हती. वाजवणाऱ्यांनी श्वास भरून घेतला होता आणि त्यांचे चेहरे लाल व्हायला लागले होते.

थेल्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हीसुद्धा थांबली. आईची खुर्ची नीट लागेपर्यंत थांबली. ही आणि ती फिलिपा, दोघींत फरक काय राहिला? मी बँड चालवणारी बघायला आले, आणि ही माझी काळजी करत उभी आहे. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, वाजव, गाढवे. ओरडता येत नव्हतं.

क्लिफर्डने ब्रेक लावला. ज्युडिथची छडी खाली आली.

पहिलाच स्वर थोडा फुटला. फार वेळ श्वास धरला की फुटतोच. थेल्माने डोळे मिटून घेतले आणि मग आपण कशासाठी आलो ते आठवून लगेच उघडले.

त्यानंतर तिने पापणी लवू दिली नाही. ज्युडिथचा उजवा हात वेळ मोजत होता, त्यात विशेष काही नव्हतं. तेवढं शाळामास्तरही करतो. पण डावा हात. कॉर्नेटवाले फुगायला लागले की तो तळवा खाली करून त्यांना बसवायचा, दूध उतू जाताना फुंकर मारावी इतकंच. हॉर्नवाल्यांकडे ती बघतसुद्धा नव्हती, नुसती करंगळी हलवायची, आणि ते आत यायचे. मधल्या संथ भागात तिने छडी जवळजवळ थांबवली. सगळा बँड तिच्या तोंडाकडे बघत होता. ज्या पुरुषांच्या कमरा दुखायच्या ते सगळे त्यात होते, आणि आता ते तिने भुवई उचलल्याशिवाय श्वास घेत नव्हते. ते बघायला थेल्माला विलक्षण बरं वाटलं.

शेवटचा स्वर संपला आणि टाळ्यांचा कल्लोळ झाला. मागचे लोक उठून उभे राहिले, पण थेल्माच्या पुढे कुणीच नव्हतं. बँड उतरायला लागला. ज्युडिथ कडेच्या पायऱ्यांवरून तडक तिच्याकडे आली. तिचा कोट पाठीवर भिजला होता. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या, वर खोपट्यापर्यंत बोलणं पोचण्यासारखं नव्हतं.

"आई, तुला अक्कल आहे का?"

"मला विचारतेस? हात वर धरून पुतळ्यासारखी उभी राहिलीस ती तू. पहिला स्वर फुटला तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही. तूही नाही. मी आदळले असते तर आदळले असते."

ज्युडिथने हातातली छडी कोटाच्या खिशात खुपसली.

"तुझ्यासाठी कोण थांबलं होतं? गॅव्हिनने काठी पाडली होती. ढोलाखाली रांगत शोधत होता. मी त्याच्यासाठी थांबले."

"मला तू पाहिलंच नाहीस?"

"खाली पोचल्यावर पाहिलं. आणि मनात म्हटलं, मी अख्ख्या बँडला श्वास धरायला लावलाय आणि या बाईला आत्ताच फिरायला निघायचं होतं. सगळं जग तुझ्यासाठी थांबून राहिलंय असं वाटतं तुला, आई. कायम वाटत आलंय."

क्लिफर्ड मोज्यांवर उभा होता. त्याने सॉरी म्हणायला तोंड उघडलं, पण कुणाला म्हणायचं ते त्याला ठरवता येईना, म्हणून मिटलं.

पोरगी थेल्माशी अशी बोलली होती, वाकून नाही, उभ्याने, आवाज न चोरता. आज दिवसभरात तिच्याशी असं कुणीच बोललं नव्हतं.

"गॅव्हिन बैल आहे," ती म्हणाली.

"आहेच. पण त्याच्यासारखा वाजवणारा दुसरा नाही."

"आणि संथ भागात तुझा डावा कोपर फार वर जातो. हॉर्नवाल्यांना तुझं तोंड दिसत नाही मग. दुसरी हॉर्नवाली मान वाकडी करून बघत होती."

ज्युडिथच्या कपाळाला आठी पडली. "नाही जात."

"जातो."

"आई, मी आरशासमोर उभी राहून बघितलंय. नाही जात कोपर."

"आरसा काय सांगतोय. मी इथे बसले होते," थेल्मा म्हणाली. "कर बघू हात. असा. मघाशी करत होतीस ना, तसा कर."

पुढच्या बँडचे ढोल खाली यायला लागले होते, आणि गाडेवाले त्या दोघींनी बाजूला व्हावं म्हणून खोळंबले होते. ज्युडिथने रागारागाने डावा हात वर केला.